चेहऱ्याची हजेरी: संमतीच्या पुढचा प्रश्न
कामगाराची लेखी संमती घेतली की चेहऱ्यावरून हजेरी घेण्यात गैर काही उरत नाही, असे एक मत मांडले जाते, ते मला पटत नाही; कारण 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 7 मध्ये नोकरीशी संबंधित कारणांसाठी मालकाला संमतीशिवायही माहिती वापरण्याची मुभा ठेवली आहे. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील 2011 च्या नियमांत बायोमेट्रिक (चेहरा, बोटांचे ठसे अशा शारीरिक ओळखखुणांच्या) माहितीला ‘संवेदनशील’ असा वेगळा दर्जा दिलेला आहे, तसा वर्गच नव्या कायद्यात नाही. युरोपीय संघाने मात्र कामाच्या ठिकाणी चेहऱ्यासारख्या बायोमेट्रिक माहितीवरून भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, फेब्रुवारी 2025 पासून बंदी लागू केली आहे.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत मी ज्या कारखान्यात होतो, तेथे तेल आणि घासकामामुळे फिटर मंडळींच्या बोटांचे ठसे यंत्र घेत नसे, म्हणून चेहरा ओळखणारे यंत्र बसवले गेले. सोय झाली, हे खरेच. परंतु नोकरी सोडताना माझ्या चेहऱ्याची नोंद पुसली जाईल का, असे विचारले असता, ती यंत्र पुरवणाऱ्याच्या सर्व्हरवर असते, एवढेच उत्तर मिळाले. पासवर्ड बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. त्यामुळे नोकरी संपल्यावर ही नोंद ठरावीक मुदतीत नष्ट करणे आणि तिच्यावर कोणतेही कृत्रिम बुद्धिमत्तेचे मॉडेल प्रशिक्षित न करणे, या दोन्ही अटी पुरवठादारावरही थेट बंधनकारक असायला हव्यात.