गेलिक फुटबॉल: 14 वर्षांखालच्या पोरांच्या खेळात धसमुसळेपणा किती चालवून घ्यायचा?

लिफीकाठ

आयर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या बऱ्याच मराठी घरांतली मुलं आता जवळच्या गेलिक क्लबात खेळतात, म्हणून विषय इथे काढतोय. खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: एका बाजूला 15 जण, चेंडू हातात घेता येतो आणि पायानेही मारता येतो. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे 3 गुण. दांडीवरून खांबांच्या मधून गेला तर 1. 2025 पासून गोलपासून 40 मीटरवर आखलेल्या कमानीबाहेरून मारला तर 2. हा खेळ चालवणारी जीएए (गेलिक ॲथलेटिक असोसिएशन) ही संस्था 1884 पासून आहे आणि आजही खेळ हौशीच आहे. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात 82 हजार लोकांसमोर उतरणाऱ्यालाही खेळण्याचे पैसे मिळत नाहीत.

लहान वयात हा खेळ फार छान शिकवतात. 'गो गेम्स' म्हणून प्रकार आहे: छोटं मैदान, कमी खेळाडू, प्रत्येकाला खेळायला मिळणार, करंडकाची भानगड नाही. घोळ होतो तो त्यानंतर, 13-14 च्या वयात. एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि त्याच्यासमोरचा अजून चौथीतला वाटतो. निकाल महत्त्वाचा झाला की प्रशिक्षक थोराड मुलं मधे उभी करतात आणि किरकोळ, पण डोक्याने खेळणारी मुलं कडेला जातात.

आणि त्यांच्याशी होतं काय? चेंडू लांबून हवेत येतोय, पंचाची नजर वर आहे. मागचा बचावपटू जर्सीची कड मुठीत धरतो, हा उडी घेणार तेवढ्यात खाली खेचतो आणि चेंडू खाली यायच्या आत सोडून देतो. पंच बघतो तेव्हा पोरगं नुसतं पडलेलं असतं. बाहेरून कुणीतरी ओरडतं, "ऊठ, काही झालेलं नाही!" तीन-चारदा असं झालं की ते पोर चेंडूवर धावायचंच सोडतं. मग शेरा मिळतो की याच्यात धमक नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. 16 वर्षांखालच्या प्रत्येक सामन्यात जर्सी ओढणं, चेंडू नसलेल्याला अडवणं आणि ढकलणं याला पहिल्याच वेळी 10 मिनिटं बाहेर. ताकीद वगैरे काही नको.

बचावफळी

साफ असहमत. अंगाला अंग भिडणं हा या खेळाचा प्राण आहे. जमिनीवर एक पाय ठेवून, बाजूने, खांद्याला खांदा लावून दिलेली धडक नियमात बसते आणि बसलीच पाहिजे. तुम्ही म्हणता तसं केलं तर पंच धडकेलाही शिट्टी मारायला लागतील, कारण 14 वर्षांच्या पोरांत धडक कुठे संपली आणि ढकलणं कुठे सुरू झालं हे ओळखणं सोपं नाही. अशी जपून वाढवलेली मुलं पुढे क्लबाच्या मोठ्या संघात तिशीच्या गड्यांसमोर उभी राहिली की काय करणार?

आणि किरकोळ मुलांचं म्हणाल तर केरी काउंटीचा (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) कोल्म कूपर, ज्याला 'गूच' म्हणतात, तो आठवा. अंगाने काडी, तरी 8 वेळा ऑल-स्टार, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम संघात निवड. बचावपटू त्याला सारखे चिकटलेले असायचे. त्याने पाय, नजर आणि वेळ यांच्या जोरावर वाट काढली. दबाव नसता तर ते त्याला सुचलं असतं का?

लिफीकाठ

गूच टिकला म्हणून आपल्याला त्याचं नाव माहीत आहे. जे चौदाव्या वर्षी सॉकर खेळायला गेले किंवा घरी बसले, त्यांची नावं कुठून आणणार? एकजण तरला यावरून नदी सुरक्षित आहे असं ठरत नाही.

दोघींची_आई

माझ्या दोघी महिला गेलिक फुटबॉल खेळतात. तिथे पिवळं कार्ड म्हणजे थेट 10 मिनिटं बाहेर, हे वर्षानुवर्षं चालत आलंय, आणि मुद्दाम अंगावर जाणं नियमात बसत नाही. म्हणून खेळ मिळमिळीत होतो का? एखादा सामना येऊन बघा, घामाघूम होतात पोरी. चेंडू कसा काढून घ्यायचा हे त्यांना शिकवलेलं असतं, कारण माणूस पाडून चालत नाही.

हर्लिंगचंही बघा, म्हणजे काठी-चेंडूचा आयरिश खेळ. 2010 पासून हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं आहे. त्याआधी मोठे खेळाडू उघड्या डोक्याने खेळायचे आणि त्यातच मर्दानगी आहे असं मानणारे कमी नव्हते. आज कुणी म्हणतं का की हेल्मेटमुळे हर्लिंगचा वेग गेला?

बचावफळी

ताई, हेल्मेट हे साधन झालं. ते घातल्याने पंचाला काही ठरवावं लागत नाही. इथे प्रत्येक झटापटीत त्याने निवाडा करायचाय, आणि तो पंचागणिक बदलणार.

शिट्टीवाला

अशा सामन्यांना पंच म्हणून उभा राहतो, म्हणून बोलतो. दोन्ही बाजू एक गोष्ट विसरताहेत. छोट्या मुलांच्या सामन्याला पंच बहुतेक वेळा एकटाच असतो. रेषेवर झेंडा घेऊन उभा असतो तो कुणाचा तरी काका, गोलामागेही क्लबाचीच माणसं. मी चेंडू बघू की 40 मीटर मागे चाललेली जर्सीची ओढाताण? 10 मिनिटांचा नियम केलात तरी दिसलंच नाही तर देणार काय?

दिसलं आणि दिलं, तर पुढचं ऐका. 2022 मध्ये रॉसकॉमनमध्ये कुमारांच्या सामन्यात पंचावर हल्ला झाला, त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. तिथल्या पंचांनी त्या शनिवार-रविवारी सामने घ्यायला नकार दिला. मुलं हे बघत असतात. खेळातला आडदांडपणा त्यांनी मैदानाबाहेरच्या मोठ्यांकडूनच उचललेला असतो.

नियमाने फरक पडतो हे मात्र मान्य. 2025 पासून पंचाशी हुज्जत घातली की फ्री किक 50 मीटर पुढे जाते. मोठ्यांच्या सामन्यात तोंडं बंद झाली. कारण शिक्षा साऱ्या संघाला बसते आणि ती लगेच बसते.

पंचगंगा

मी कोल्हापुरात बसून सामने बघतो. प्रश्न वजनाचा असेल तर वजनाने गट का पाडत नाहीत? आपल्याकडे कुमार कबड्डीत वजनाची मर्यादा असते, कुस्तीत तर आहेच. 45 किलोच्या पोराला 70 किलोच्या पोरासमोर उभं करायचं आणि मग हिंमत मोजायची, हा न्याय नाही.

बचावफळी

डब्लिनमध्ये एकेका क्लबाकडे एका वयाचे तीन-तीन संघ असतात, तिथे जमेल. पण पश्चिमेकडच्या खेड्यात 15 पोरं जमवायला दोन-दोन पॅरिश (एकेका चर्चच्या हद्दीतला परिसर) एकत्र येतात. तिथे वजनाचे गट पाडले तर संघच उभा राहणार नाही. हा खेळ गावाच्या नावाने खेळतात, वर्गातल्या दोस्तांबरोबर. ते तोडून काय मिळवणार?

केरीवेडा

मला वाटतं गुणी पोरं हरवतात ती वेगळ्याच कारणाने. एकाच पोराला शाळा, क्लब, काउंटीचं शिबिर आणि वर हर्लिंगही, असं सगळीकडून ओढतात. 2018 मध्ये काउंटी मायनरचं, म्हणजे कुमार संघाचं, वय 18 वरून 17 खाली आणलं ते शाळेची शेवटची परीक्षा आणि हा ताण डोळ्यांसमोर ठेवूनच. इतकं करून मोठा झालेला एखादा हिरा ऑस्ट्रेलियाचे व्यावसायिक क्लब पगार दाखवून घेऊन जातात.

केरीचा डेव्हिड क्लिफर्ड हा त्या जुन्या, 18 खालच्या वयोगटातला शेवटचा. 2017 च्या मायनर अंतिम सामन्यात डेरीविरुद्ध एकट्याने 4 गोल आणि 4 पॉइंट, म्हणजे 16 गुण. पुढच्याच वर्षी तो केरीच्या मुख्य संघात होता. त्याला धसमुसळ्या बचावाने थांबवायचा प्रयत्न कमी झाला का?

लिफीकाठ

क्लिफर्ड गुणी आहेच, पण सहा फुटांवर उंच आणि भरदारही आहे. माझा मुद्दा त्यामुळे उलट पक्काच होतो.

ताणाचं पटतं, पण ती अडचण निवड झालेल्या पोरांची आहे. मी बोलतोय ते त्या यादीपर्यंत पोचतच नाहीत त्यांच्याबद्दल.

शिक्षेचं म्हणाल तर काळ्या कार्डाकडे बघा. 2014 मध्ये आलं तेव्हा मुद्दाम पाडणारा खेळाडू बाहेर जायचा, पण त्याच्या जागी दुसरा यायचा. संघ 15 चा 15 च. त्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांत खुशाल पाडायचे. 2020 पासून 10 मिनिटं 14 जणांनी खेळावं लागतं, तेव्हा कुठे प्रशिक्षक विचार करायला लागले. मोठ्यांना जे ताकीद देऊन कळलं नाही, ते 13 वर्षांच्या पोराला कसं कळेल?

बचावफळी

पोराला बाहेर बसवून त्याला टॅकल येणार आहे का? उघड्या तळहाताने चेंडूवर हात मारणं, पाय हलते ठेवून समोर राहणं, हे दहाव्या वर्षापासून घोटून घ्यावं लागतं. सरावात किक आणि सोलो (पायावरून हातात चेंडू उडवत धावणं) तासभर चालतो, टॅकलला शेवटची पाच मिनिटं. ज्याला चेंडू काढता येत नाही तोच जर्सी धरतो. शिक्षा द्यायचीच असेल तर आधी शिकवा.

शिट्टीवाला

हे मात्र अगदी खरं. जर्सी धरणारी पोरं बहुतेक मागे पडलेली असतात, वाईट नसतात.

दोघींची_आई

शिकवणं आणि शिक्षा एकाच वेळी का होऊ शकत नाही? आमच्या मुलींना नियम आधीपासून माहीत असतो, म्हणून तर प्रशिक्षक टॅकल मन लावून शिकवतात.

बचावफळी

तरीही पहिल्याच वेळी 10 मिनिटं बाहेर, हे मला मान्य नाही. 14 वर्षांखाली पहिल्या चुकीला प्रशिक्षकाने खेळाडू बदलावा, समजवावा आणि पुन्हा आत पाठवावा. दुसऱ्यांदा केलं तर 10 मिनिटं.

लिफीकाठ

आणि दरम्यान ज्याला पाडलं त्याने दुसऱ्यांदा पडायची वाट बघायची?