'परूशी' म्हणजे ढोंगी? जरा थांबा

कणीस:
चर्चच्या मंडळीच्या बैठकीत हिशेबावरून वाजलं. खजिनदारांनी चहाच्या पावत्या मागितल्या, तर एक काका उखडून म्हणाले, "परूशीपणा पुरे झाला!" सगळे हसले. संडेस्कूलपासून आपल्या डोक्यात हेच बसलंय, परूशी म्हणजे ढोंगी.

मला हे अन्यायाचं वाटतं. परूशी हा येशूच्या काळातला, नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी पंथ. पहिल्या शतकातल्या यहुदी समाजात मंदिराची सत्ता बड्या याजक घराण्यांकडे होती आणि सदूकी हा दुसरा पंथ त्यांच्या बाजूचा. त्या काळचा यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो की सदूक्यांमागे धनिक होते, सामान्य लोक परूश्यांमागे. शिक्षा देतानाही परूशी सौम्य, असं त्याचंच म्हणणं. मेलेले पुन्हा उठतील हे परूशी मानत, सदूकी मानत नसत. म्हणजे या मुद्द्यावर आपण ख्रिस्ती लोक परूश्यांच्या पंगतीला बसतो! येशूला रात्री भेटायला आलेला निकदेम परूशी, येशूच्या प्रेषितांना सोडून द्या असं न्यायसभेत सांगणारा गमलियेल परूशी, आणि पौल फिलिप्पैकरांना लिहितो की नियमशास्त्राच्या दृष्टीने मी परूशी. मग शिवी कसली देताय?

तिरकस:
वकीलपत्र छान आहे, पण बायबलातला मत्तयाचा 23वा अध्याय वाचा की. पुदिना, शेप, जिरे यांचा दशमांश मोजून द्यायचा, आणि न्याय, दया, विश्वास बाजूला. मुरकूट गाळायचं, उंट गिळायचा. हे येशू बोललाय, आमच्या काकांनी रचलेलं नाही.

आणि मार्क 7 मधलं 'कुर्बान'? मुलाने म्हणायचं, माझ्याकडून तुम्हाला जे मिळालं असतं ते मी देवाला वाहिलंय. झालं, म्हाताऱ्या आईबापाला एक पैसा द्यायला नको. याला ढोंग नाही तर काय म्हणायचं?

कणीस:
त्याच 23व्या अध्यायाची सुरुवात का गाळता? ते मोशेच्या आसनावर बसलेत, ते सांगतात ते पाळा, ते करतात ते करू नका. जिऱ्याचंही तेच, ते करायचंच होतं पण हेही सोडायचं नव्हतं. घरातलाच माणूस घरच्यांना झापतोय. दोन हजार वर्षांनी शेजाऱ्याने ते ऐकून त्या घराला नावं ठेवायची, हे मला पटत नाही.

कुर्बानचा मुद्दा मात्र जड आहे, कबूल. पण मिश्ना, म्हणजे रब्बींच्या (यहुदी धर्मगुरूंच्या) तोंडी नियमांचा संग्रह, त्यातला नवसांवरचा भाग बघा. नवस आईबापाच्या आड येत असेल तर त्यांच्या मानाखातर तो मोडता येतो, असा निवाडा तिथे आहे.

तिरकस:
मिश्ना संकलित झाली साधारण इ.स. 200 ला. येशूनंतर दीडशेहून जास्त वर्षांनी! नंतर दुरुस्ती केली असेल तर आनंदच, पण आधी खोट होती म्हणूनच ना?

शनवारतेली:
मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला यहुदी, मूळ गाव अलिबागकडचं. परूशी नियमातून पळवाटा काढत, या आरोपावर एकच उदाहरण देतो. तोरा, म्हणजे मोशेचं नियमशास्त्र, सांगते, सातव्या वर्षी कर्ज माफ. हेतू गरिबाचा. झालं उलटंच, सातवं वर्ष जवळ आलं की गरिबाला कर्जच कुणी देईना. तेव्हा परूशी परंपरेतल्या हिल्लेल या गुरूने 'प्रोझबुल' आणलं. सावकाराने न्यायसभेपुढे लेख करून येणं तिच्या हवाली करायचं, म्हणजे ते माफीत बुडत नाही. बाहेरून बघणारा म्हणेल, नियमाला भोक पाडलं. कर्जासाठी दारोदार फिरणाऱ्याला विचारा!

आणि इ.स. 70 मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं. बळी देणार कुठे? याव्ने गावात रब्बी योहानान बेन झक्काईभोवती जमलेल्यांनी अभ्यास आणि प्रार्थनेवर धर्म तगवला. आजचा रब्बींचा यहुदी धर्म त्याच वळणाचा. त्यामुळे तुम्ही परूशी म्हणून हसता तेव्हा मला ते माझ्याच आजोबांना लागतं.

तिरकस:
राग नको, पण तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटतं. तुमचे पूर्वज शतकानुशतकं कोकणात तेलाचे घाणे चालवत होते, मिश्ना किंवा तिच्यावरची रब्बींची चर्चा असलेलं तालमूद काही हाताशी नव्हतं. तरी यहुदी राहिलेच ना? मग परूश्यांच्या तोंडी परंपरेवाचून अडलं कुठे?

शनवारतेली:
पुस्तक नव्हतं, तोंडी परंपरा होतीच! शनिवारी घाणा बंद, म्हणून तर गावाने 'शनवार तेली' नाव ठेवलं. मुलाची सुंता आठव्या दिवशी, खवल्यांशिवायचा मासा घरात नाही, आणि 'शेमा' ही प्रार्थना पाठ. हे कुणी पोथीतून शिकवलं नाही, आईबापाने मुलाला सांगितलं. पुढे कोचीनकडचे शिक्षक आले तेव्हा हिब्रू प्रार्थना नव्याने शिकलो, हेही खरं.

वाटसरू:
दोघांनाही एक खाऊ टाकतो. तालमूदमध्येच सात प्रकारच्या परूश्यांची यादी आहे, आणि बहुतेक प्रकारांची खिल्लीच. म्हणजे दिखाऊ परूशी होते हे रब्बींनाही ठाऊक होतं. तिरकसराव, ढोंगी होते हे बरोबर. फक्त 'ते सगळेच' हे कुठून आलं?

तिरकस:
'सगळेच' मी म्हटलं नाही. पण ठीक, काकांना तो शब्द मीही वापरू देणार नाही. 'ढोंगी' हा चांगला मराठी शब्द असताना परूश्यांना कशाला ओढायचं? कुर्बानवर मात्र माझं म्हणणं कायम.

कणीस:
चालेल. आणि हो, पावत्या अजून मिळालेल्या नाहीत.