प्रभागात चार नगरसेवक झाले, आता मागणी कुणाकडे न्यायची? (नवी मुंबई)

नेरुळ_पदपथ

नमस्कार मंडळी. नवी मुंबईत आधी एका प्रभागाला एकच नगरसेवक असायचा, त्यामुळे कुणाचं दार ठोठावायचं हे ठरलेलं होतं. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपासून पॅनल आलं, म्हणजे एकाच प्रभागातून अनेक नगरसेवक. २८ प्रभाग, १११ जागा, म्हणजे बहुतेक प्रभागांत चौघे.

नेरुळमधल्या सहा सोसायट्यांची मिळून एक मागणी आहे. शाळेच्या फाटकासमोर उंच झेब्रा क्रॉसिंग हवं आणि दोन्ही बाजूंचा तुटक पदपथ सलग करून हवा. पत्र चौघांपैकी कुणाला द्यायचं? की सरळ आमदारांकडे जायचं? आणि निवेदन दिलं, फोटो निघाला, पुढे काहीच नाही, असं होऊ नये म्हणून कागदावर नेमकं काय असायला हवं?

टिपणी_वाचक

ताई, सगळ्यात आधी रस्ता कुणाच्या ताब्यात आहे ते बघा. नवी मुंबईत निम्मी पत्रं इथेच वाया जातात. सेक्टरमधले अंतर्गत रस्ते महापालिकेकडे, शीव-पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, औद्योगिक पट्ट्यातले बरेच रस्ते एमआयडीसीकडे, आणि कित्येक मोकळे भूखंड अजून सिडकोकडे. खारघर-कामोठ्याची मंडळी वाचत असतील तर त्यांची महापालिका पनवेल. तुमचा रस्ता सेक्टरमधला असेल तर महापालिका, आणि पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहितो.

चौघेही नगरसेवक कायद्याने सारखेच. अ, ब, क, ड ही जागांची अक्षरं आहेत, प्रभागाचे चार तुकडे नव्हेत. ते आपसात सेक्टर वाटून घेतात, ती त्यांची सोय. तुम्ही एकच पत्र करा आणि ‘प्रति’ मध्ये चौघांची नावं लिहा, म्हणजे प्रत्येकाला दिसतं की हे बाकी तिघांकडेही गेलंय. चार वेगळी पत्रं दिली तर चौघेही ‘दुसरा बघतोय’ म्हणून स्वस्थ बसतात. चौघांपैकी कुणी स्थायी समितीवर असेल तर पाठपुरावा मुख्यतः त्यांच्याकडे ठेवा. १६ जणांची ही समिती असते, अंदाजपत्रक आधी तिच्यासमोर येतं आणि मोठ्या खर्चाचे विषयही तिथूनच जातात.

नगरसेवक स्वतः काम मंजूर करत नाही, हे डोक्यात पक्कं हवं. कनिष्ठ अभियंता जागेची पाहणी करतो, प्राकलन (खर्चाचा अंदाज) तयार होतं, ते अंदाजपत्रकातल्या कुठल्या लेखाशीर्षात (खर्चाच्या सदरात) बसतं ते पाहिलं जातं, मग मंजुऱ्या, निविदा, कार्यादेश. या साखळीत नगरसेवकाचं खरं वजन दोन ठिकाणी पडतं: अंदाजपत्रकात तरतूद करून घेताना आणि अडलेली नस्ती (फाइल) हलवताना. तरतूदच नसेल तर ‘निधी उपलब्ध झाल्यावर विचार करण्यात येईल’ असं एका ओळीचं उत्तर येतं. बहुतेक मागण्या याच ओळीवर संपतात.

म्हणून वेळ साधा. अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडलं जातं, पण विभागांचे आकडे त्याच्या कितीतरी आधी गोळा होऊ लागतात. दिवाळीच्या सुमारास पत्र आत गेलेलं हवं. मार्चमध्ये दिलेलं पत्र वर्षभर मागे पडतं, कारण मग एका शीर्षातले पैसे दुसऱ्यात वळवावे लागतात आणि त्यासाठी कुणालातरी आपलं काम सोडावं लागतं.

आता कागद.

पत्र एक पानाचं, मागणी एकच. क्रॉसिंग, कचरा, पाण्याचा दाब आणि भटकी कुत्री एकाच पत्रात घातली की ते चार खात्यांत फिरतं आणि प्रत्येक खातं स्वतःपुरतं उत्तर देऊन मोकळं होतं. तुमच्या बाबतीत पदपथ आणि क्रॉसिंग एकत्र चालेल, दोन्ही अभियांत्रिकीचंच काम.

जागा अशी लिहा की अभियंता फोन न करता तिथे पोहोचेल. ‘शाळेजवळ’ पुरेसं नाही. सेक्टर, रस्ता, शाळेचं फाटक क्रमांक दोन, समोरच्या दिव्याच्या खांबावर रंगवलेला क्रमांक, आणि पदपथ कुठल्या खांबापासून कुठल्या खांबापर्यंत तुटलाय ते. टेप लावून मीटर मोजा. खड्ड्यापेक्षा फोटोत तो खांब दिसणं महत्त्वाचं.

मोजणी जोडा. शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास, लागोपाठ तीन कामाचे दिवस, किती मुलं रस्ता ओलांडतात आणि किती वाहनं जातात. कागदावर उभ्या रेघा मारल्या तरी चालेल. हा आकडा नगरसेवकाला सभागृहात वाचून दाखवता येतो, ‘नागरिकांची तीव्र भावना’ वाचून काही होत नाही. शिवाय गतिरोधकासारख्या कामात वाहतूक पोलिसांचं म्हणणं घेतलं जातं, तिथेही हीच मोजणी उपयोगी पडते. शाळेचं पत्र सोबत असेल तर आणखी चांगलं.

सह्या घ्याल तर प्रत्येक पानाच्या डोक्यावर मागणीचं वाक्य छापा. नुसत्या सह्यांची पानं मूळ पत्रापासून सुटली की ती कशासाठी होती हे कुणालाच कळत नाही. सहाही सोसायट्यांचे ठराव लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह.

आणि मूळ प्रत महापालिकेच्या विभाग कार्यालयाच्या (वॉर्ड ऑफिसच्या) आवक खिडकीवर. स्वतःच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. नगरसेवकांना द्यायच्या प्रतींवर हा क्रमांक आधीच लिहिलेला असावा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या पत्राला आवक क्रमांक नसतो, त्यामुळे सरकारी दफ्तरात ते आलंच नाही असं धरलं जातं.

घोडबंदरकर

ठाण्यात २०१७ पासून चारचं पॅनल आहे (३३ प्रभाग, १३१ जागा), त्यावरून एक भर घालतो. चौघे एकाच पक्षाचे नसतील तर मागणी एकाच्या बॅनरखाली जाऊ देऊ नका. सोसायटीच्या आवारात एकाचा फलक लागला की बाकी तिघांचा रस संपतो, आणि तो एकटा नंतर ढिला पडला तर तुमच्याकडे कुणीच उरत नाही. पाहणीच्या दिवशी चौघांना बोलवा. कामाचं श्रेय चौघांनी वाटून घेऊ दे, आपल्याला क्रॉसिंग हवंय.

दुसरं म्हणजे प्रभाग समिती, म्हणजे आसपासच्या प्रभागांतल्या नगरसेवकांची समिती. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९अ मध्ये या समितीवर त्या भागात काम करणाऱ्या संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याची सोय आहे. नेमणूक समितीतले नगरसेवक करतात. लोकांना ही तरतूद ठाऊकच नसते, म्हणून या जागा कुणी मागत नाही. तुमच्या भागात नोंदणीकृत संस्था असेल आणि तिचा माणूस तिथलाच मतदार असेल तर आत्ताच लेखी मागा.

सानपाडा_यादीभाग

मतदार यादीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. नवी मुंबईत राहणाऱ्या कितीतरी जणांचं नाव अजून सातारा, सांगली किंवा कोकणातल्या गावच्या यादीत आहे. दोनशे सह्यांचं पत्र आलं की कार्यालयातला माणूस त्यातले आपल्या प्रभागाचे मतदार किती ते बघतो. त्याला नावं ठेवून उपयोग नाही, त्यांचं गणित तेच आहे. सहीशेजारी यादीचा भाग क्रमांक लिहायला एक रकाना ठेवा. ज्यांचं नाव गावाकडे आहे त्यांनी फॉर्म ८ भरून इथे आणावं, नव्या मतदारांनी फॉर्म ६. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा (ज्या दिवशी वय अठरा पूर्ण असावं लागतं) आहेत, त्यामुळे अठरा पूर्ण झालेल्या मुलांना वर्षभर थांबावं लागत नाही.

नेरुळ_पदपथ

खूप आभार, यातलं खांबाचं आणि सह्यांच्या पानाचं लगेच करतो आहोत. पण समजा पत्र दिलं, शिक्का मिळाला आणि दीड महिना काहीच हललं नाही, तर? लोकशाही दिनात जावं का? आणि आमदार मग कधी?

टिपणी_वाचक

लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी नागरिकांच्या तक्रारी समोर ऐकतात तो दिवस, महापालिकेत महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. अर्ज विहित नमुन्यात, १५ दिवस आधी. पण तिथे वैयक्तिक स्वरूपाचीच तक्रार घेतात, त्यामुळे सहा सोसायट्यांचं सामुदायिक निवेदन परत येईल. नगरसेवकाच्या किंवा पक्षाच्या लेटरहेडवरचं तर नक्कीच. जायचंच तर एका रहिवाशाने स्वतःच्या नावाने, ‘अमुक आवक क्रमांकाच्या अर्जाला उत्तर मिळालेलं नाही’ एवढीच तक्रार करावी.

मी मात्र त्याआधी नस्ती बघायला सांगेन. नोव्हेंबर २०१८ च्या शासन परिपत्रकाप्रमाणे जिल्हा आणि स्थानिक कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. सोमवारी सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. आवक क्रमांक घेऊन जा. पत्र कुणाच्या टेबलावर आहे आणि शेवटची टिपणी काय आहे ते वहीत उतरवून घ्या. तारखेसह एवढं कळलं की नगरसेवकाला ‘आमच्या कामाचं बघा ना’ म्हणावं लागत नाही. ‘प्राकलन उपअभियंत्यांकडे अमुक तारखेपासून आहे’ असं सांगता येतं, आणि अशा वाक्यावर त्याला एका फोनमध्ये काम करता येतं.

तिथे दाद नाही लागली तर माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘काम का झालं नाही?’ असं विचारू नका, ‘का’ ला माहिती म्हणून उत्तर मिळत नाही. असं लिहा: ‘आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या सर्व टिपण्यांच्या व पत्रव्यवहाराच्या प्रती’. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प.

आमदारांचं विचाराल तर महापालिकेच्या रस्त्यावरच्या एवढ्याशा कामासाठी तो लांबचा वळसा आहे. आमदार निधी वर्षाला ५ कोटी असतो, पण आमदार शिफारस करतात, मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून येते आणि काम करायला शेवटी महापालिकाच असते. ‘आमदारांनी पत्र दिलं’ म्हणजे पैसे आले असं समजून सोसायट्या पाठपुरावा सोडतात आणि तिथेच फसतात. आमदार लागतात ते रस्ता बांधकाम विभागाचा निघाला किंवा भूखंड सिडकोचा निघाला तर. बांधकाम विभाग राज्याचा आणि सिडको राज्य सरकारची कंपनी, तिथे विधानसभेतला तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) किंवा लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी) चालते. अधिवेशन सुरू झाल्यावर जाऊ नका, प्रश्न कितीतरी दिवस आधी द्यावे लागतात. पावसाळी अधिवेशनासाठी मे महिन्यातच, आवक क्रमांक आणि मोजणीचा तक्ता एका पाकिटात घालून त्यांच्या कार्यालयात द्या, आणि तिथेही पोच घ्या.