ऑपरेशनने वजन कमी केलंय हे लोकांना सांगायचं की नाही?

अर्धी_वाटी
स्लीव्ह (जठर कापून लहान करायचं ऑपरेशन) करून तीन वर्षं झाली. १३१ किलो होते, आता ८६ (मधे ८१ पर्यंत गेलेले, पाच परत आले). घरचे आणि एक मैत्रीण सोडून कोणाला माहीत नाही. ऑफिसात रजा टाकताना हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं आणि नंतर कोणी विचारलं की ठरलेलं उत्तर, रोज चालते आणि कमी खाते. तसं खोटंही नाहीये, जठराचा पाऊण भाग काढून टाकल्यावर माणूस कमीच खाणार ना.

आता झालंय असं की शेजारच्या टेबलवर एक कलीग आहे, साधारण माझ्या आधीच्याच वजनाची. गेल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत हळूच म्हणाली, तू सांगितलंस तसं वर्षभर करतेय गं, रोज तासभर चालते, रात्रीचं खाणं बंद केलं, सात किलो उतरले आणि नऊ चढले, माझ्यातच काहीतरी खोट आहे. मला काय बोलावं सुचेना म्हणून पाण्याची बाटली तोंडाला लावली. खरं तर जेवताना मला पाणी चालतच नाही, खाल्ल्यावर अर्धा तास तरी थांबावं लागतं. नुसती ओठांना लावून बसले.

मला वाटतं मी तिचं नुकसान केलंय. तुम्हाला काय वाटतं?

खिडकीजवळची
अजिबात नाही. गर्भपिशवी काढली, मूळव्याधीचं ऑपरेशन झालं तर लोक सांगत फिरतात का? पोट तुझं, टाके तुझे. तिने डॉक्टरला विचारायचं सोडून तुला विचारलं, त्यात तुझी काय चूक. उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

तिरकट_काका
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. लपवावंसं वाटतं कारण आतून माहीत असतं की हा शॉर्टकट आहे. मी २२ किलो उतरवले, ना सुरी ना गोळी, फक्त तोंडावर ताबा. भूल घेऊन झोपायचं आणि उठल्यावर बारीक व्हायचं, याला मेहनत म्हणत नाहीत. सांगा की खुशाल, लोकांना कळू दे.

अर्धी_वाटी
काका, शॉर्टकट म्हणालात ना, मग तो रस्ता कसा होता तेही ऐका.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे फक्त पातळ, कारण लिव्हरवर चरबी असते, ते आकसलं नाही तर सर्जनला आत जागाच मिळत नाही. नंतर परत दोन आठवडे पातळ, मग बाळाला भरवतात तसं मऊ. पहिल्यांदा साधा घास चावून खाल्ला तेव्हा बोटाएवढे दोन घास झाले आणि तिसऱ्याला छातीच्या मधोमध असं दुखलं की बाथरूममध्ये भिंतीला टेकून उभी राहिले. एक घास जास्त झाला तर तो बाहेरच येतो, तिथे ताबाबिबा काही चालत नाही. चौथ्या महिन्यात केसांचे पुंजके गळायला लागले, बाथरूमच्या जाळीत रोज मूठभर. नंतर आले परत, पण तेव्हा कोणी सांगून पटत नव्हतं. व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर, वर्षाला रक्त तपासणी. आणि थंडी! पूर्वी पंखा लागायचा, आता सगळे घामाघूम असताना मी स्वेटर घालून बसते.

आणि आधीचं पण सांगते. हाताची खुर्ची दिसली की पोटात गोळा यायचा, बसले तर उठताना खुर्ची सोबत येईल म्हणून. बुटाची नाडी बांधायची म्हणजे श्वास रोखून एक पाय, मग दम खाऊन दुसरा. झोपेत श्वास अडकायचा म्हणून मास्क लावून झोपायचे, बाजूला मशीन घरघरतंय. फोटोत कायम मागच्या रांगेत, कडेवर कोणाचं तरी मूल घेऊन, म्हणजे पोट झाकलं जातं. अजूनही दोन खुर्च्यांमधून जाताना आडवीच होते मी. जागा भरपूर असते, पण डोक्याला अजून कळलेलं नाही.

हो, मी लपवलं. पण शॉर्टकट म्हणून नाही, तुम्ही आत्ता जे लिहिलंत ना तेच ऐकायला लागू नये म्हणून.

हिशेबी
काका, २२ किलो उतरवलेत, मानलं तुम्हाला. पण तुमचे २२ आणि कोणाचे ५० ही एकच गोष्ट नाही. अमेरिकेतल्या एका टीव्हीवरच्या वजन उतरवण्याच्या स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, २०१६ साली ते प्रसिद्ध झालं. बहुतेकांचं वजन परत चढलेलं, आणि शरीर बसल्याजागी जेवढं जाळायला हवं त्यापेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं, सहा वर्षांनीसुद्धा. यात इच्छाशक्ती कुठे आली? स्लीव्हमध्ये जठराचा जो भाग काढतात तिथेच घ्रेलिन हे भुकेचं हॉर्मोन सगळ्यात जास्त बनतं, म्हणून नुसती जागा कमी होत नाही तर भूकच उतरते.

स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांवर लोकांचा अभ्यास चालू होता, २००७ मध्ये आलेल्या निकालात सरासरी अकराएक वर्षांनी ऑपरेशनवाल्या गटात मृत्यू साधारण पाव हिश्श्याने कमी होते. (चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, ही मर्यादा आहेच.)

त्या कलीगला हे माहीत असायचा हक्क आहे. १९९१ पासून नियम होता बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा) ४० च्या पुढे, किंवा ३५ आणि सोबत डायबिटीससारखा आजार. २०२२ मध्ये सर्जन लोकांच्या संघटनांनी तो ३५ वर आणला, आजार असेल तर ३० पासून विचार करा म्हणतात, आशियाई वंशाच्यांना २७.५ पासून. ती बसतही असेल यात, आणि इकडे स्वतःला दोष देत चालतेय बिचारी. धागाकर्तीने सांगायलाच हवं होतं.

नको_ते_टाके
आता इंजेक्शनं आलीत ना, मग पोट कशाला कापायचं? माझ्या बहिणीचं १८ किलो उतरलं सेमाग्लूटाइडवर.

हिशेबी
चांगलं औषध आहे. चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं, पण बंद केल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे तेही चालूच ठेवायचं. कोणाला काय झेपतं ते त्याने डॉक्टरबरोबर बसून बघावं, पण पर्याय आहेत हे तरी कळू दे.

परत_चढलेला
मी उलट बाजूने लिहितो. नऊ वर्षांपूर्वी बायपास केली (हृदयाची नाही, पोटाची, जठर लहान करून पुढच्या आतड्याला जोडतात ती) आणि पहिल्या दिवसापासून गावभर सांगितलं. ५२ किलो उतरले, हिरो होतो मी, लोक पत्ता मागायला यायचे. तीन जणांनी माझं बघून केलीसुद्धा. मग चौथ्या वर्षापासून चढायला लागलं, आजपर्यंत ३० आलेत परत. एकदम खाता येत नाही पण दिवसभर थोडं थोडं चरता येतं, आणि गोड पातळ तर सरळ खाली उतरतं. सुरुवातीला गोड खाल्लं की डंपिंग व्हायचं, घाम, धडधड, आडवंच व्हावं लागायचं, पुढे पुढे तीही भीती गेली. गोळ्या दोन वर्षं घेतल्याच नाहीत, तळपाय बधिर झाले तेव्हा बी-१२ पार तळाला गेलेलं. आणि दारू, बायपासनंतर फार पटकन चढते, जपून.

मुद्दा हा की सगळ्यांना माहीत होतं म्हणून वजन चढलं तेव्हा प्रत्येकजण माझ्या ताटात बघत होता. "ऑपरेशन करूनही?" हे दोन शब्द किती वेळा ऐकले असतील मोजलं नाही. जाडा होतो तेव्हा नुसता जाडा होतो, आता वाया गेलेला जाडा आहे. तेव्हा अर्धी_वाटीताई, सांगायचं तर पाच वर्षांनी सांगा. तीन वर्षं म्हणजे अजून हनिमून.

तिरकट_काका
परत_चढलेला, तुमचं वाचून वाईट वाटलं. पण माझं म्हणणं सुटलं नाही, शेवटी तोंड सांभाळावं लागलंच ना.

परत_चढलेला
हो काका, लागलं. म्हणूनच तो शॉर्टकट नाही.

खिडकीजवळची
बघ, सांगितल्यावर काय होतं ते. मी म्हणते तेच बरोबर.

अर्धी_वाटी
काल सांगितलं तिला. परत_चढलेला, तुमचंही सांगितलं, नाव न घेता. केसांचं, गोळ्यांचं, परत आलेल्या पाच किलोंचं, सगळं.

ती रागावली नाही, पण गप्प झाली. मग म्हणाली, वर्षभर मी आरशासमोर उभी राहून स्वतःला शिव्या घातल्यात, तुला दिसत नव्हतं का? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, दिसत होतं. डबा तसाच बंद करून ती उठून गेली. आज सकाळी माझ्या आधी येऊन बसली होती, काही बोलली नाही. दुपारी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि विचारलं, दुखलं होतं का खूप?