मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ की समुपदेशक?

प्रश्न (परभणी): सोयाबीनची रास झाल्यापासून वडिलांची झोप उडाली आहे, रात्री दोन वाजता ते अंगणात बाजेवर बसलेले दिसतात, आणि जेवणही निम्म्यावर आले आहे. त्यांना नेमके कोणाकडे न्यावे?

उत्तर (लातूर): आधी मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे. ते एमबीबीएसनंतर या शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असल्याने औषधे लिहून देतात आणि थायरॉइडसारखे शारीरिक कारण आहे का, हेही तपासून घेतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाहीत. ते चाचण्या घेतात आणि संवादातून उपचार करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती विचारण्यात संकोच नसावा.

उत्तर (बीड): समुपदेशकाची पाटी अल्प मुदतीच्या अभ्यासक्रमानंतरही लागलेली दिसते. माझ्या भावाचे सहा महिने अशाच एका ठिकाणी गेले, कारण आम्ही शिक्षण विचारलेच नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मात्र ‘मला काय येड लागलंय का?’ असे म्हणून वडील उठून जातात.

उत्तर (लातूर): मग ‘झोपेसाठी दाखवू’ असे म्हणावे, ते खोटेही नाही. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर आपण स्वतः बोलावे, तेथे मराठीतही बोलता येते.