रॅचेटचा सर्जिकल रिट्रॅक्टर: गंज, पेटंट आणि नोंदणी

उद्यमनगरचा लेथ
नमस्कार मंडळी. शिवाजी उद्यमनगरात मशिन शॉप आहे. एका सर्जन डॉक्टरांच्या कल्पनेवरून रॅचेटवर (एकाच दिशेनं सरकणाऱ्या दातेरी पट्टीवर) जागच्या जागी अडकून राहणारा रिट्रॅक्टर, म्हणजे ऑपरेशनमध्ये चिरेच्या कडा बाजूला धरून ठेवणारं हत्यार, बनवलाय, सगळा ३०४ स्टेनलेसमध्ये. चौथ्या ऑटोक्लेव्हनंतर (वाफेनं निर्जंतुक केल्यावर) पात्यांवर तांबूस ठिपके आलेत, रॅचेटचे दात आत्ताच झिजलेत. पुढच्या महिन्यात डॉक्टरांच्या परिषदेत स्टॉल मिळतोय. तिथं मांडू का? आणि लायसन्स कसलं लागतं?

तापलेला बार
ठिपके बहुधा ३०४ चे नाहीत, तुमच्या शॉपमधल्या एमएसचे (साध्या माइल्ड स्टीलचे) आहेत. एमएसवर चाललेलं व्हील, तारेचा ब्रश किंवा बफ स्टेनलेसला लावला की लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि वाफेत तेच आधी गंजतात. स्टेनलेसची व्हीलं, कानशी, बफ वेगळे ठेवा, त्यांना रंगाची पट्टी मारा. पॉलिश झाल्यावर, जोडणीच्या आधी, तेल पूर्ण काढून पॅसिव्हेशन करा, म्हणजे आम्लानं पृष्ठभागावरचं लोखंड काढून टाका: ४ ते १० टक्के सायट्रिक आम्ल, ५० ते ६० अंश, किमान १० मिनिटं, मग डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यानं धुवा. खाचेत तेल राहिलं तर आम्ल तिथं पोचतच नाही.

३०४ हार्डनिंग घेत नाही, म्हणून दात झिजतात. रॅचेटची पट्टी आणि खटका ४२० मध्ये (कडक करता येणाऱ्या स्टेनलेसमध्ये) करा, हार्डनिंगनंतरचं टेम्परिंग (पुन्हा तापवणं) १५० ते २०० अंशांवर. ४५० ते ६०० च्या दरम्यान टेम्पर केलं तर क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकतं आणि गंज परत हजर. माल पाठवायच्या चलनावर तापमान लिहूनच द्या, नाहीतर हीट ट्रीटमेंटवाला गिअरच्या हिशेबानं करून पाठवणार. ४२० ला पॅसिव्हेशन आधी एका तुकड्यावर तपासा.

खटका रिव्हेटनं बसवला असेल तर सुटा होणारा करा. आत अडकलेलं रक्त ब्रशला लागत नाही.

कागदपत्रवाला
स्टॉलवर आत्ता अजिबात नको! आधी जाहीर झालं की पेटंटसाठी ते नवं राहत नाही, म्हणून आधी पेटंटचा प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज, मग प्रदर्शन. व्यक्तीच्या नावानं ऑनलाइन फी १६०० रुपये. १२ महिन्यांत कम्प्लीट स्पेसिफिकेशन (शोधाचं पूर्ण वर्णन) भरलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात. अर्जात नुसतं 'रॅचेट' लिहून भागत नाही. दातांचा कोन, खटका एका हातानं कसा सुटतो, याची ड्रॉइंग जोडा. जे प्रोव्हिजनलमध्ये लिहिलं नाही त्याला त्या अर्जाची तारीख मिळत नाही. कल्पना डॉक्टरांची आहे, म्हणजे संशोधक म्हणून त्यांचं नाव हवंच. हक्क कुणाकडे राहणार ते आत्ताच करारात लिहा.

मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ प्रमाणे पुन्हा वापरायची सर्जिकल हत्यारं क्लास ए मध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या वर्गात येतात. निर्जंतुक न करता विकणार आणि मापनाचं काम नाही, तर ऑक्टोबर २०२२ पासून लायसन्स लागत नाही. सीडीएससीओच्या (केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेच्या) पोर्टलवर स्वयंघोषणा करून नोंदणी क्रमांक घ्यायचा. निर्जंतुक पाकिटात दिलं की मात्र लायसन्ससाठी राज्याच्या एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे) एमडी-३ फॉर्म.

उद्यमनगरचा लेथ
पात्यावर सेंटिमीटरच्या खुणा कोरल्यात.

कागदपत्रवाला
त्या मापासाठी असतील तर मापनाचा मुद्दा आलाच, वरची सूट राहत नाही. डॉक्टरांना विचारा, गरज नसेल तर पुढच्या लॉटला कोरूच नका.