चेंगदूत शिकवायला जातेय, रोजची खरेदी कशी जमवायची?

सायली_प
ऑगस्टपासून चीनमधल्या चेंगदूच्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचं ठरलंय. व्हिसा, वर्क परमिट शाळा बघतेय, पण भाजी-किराण्याचं कुणी धड सांगत नाही. मी शाकाहारी, चिनीचा गंध नाही. आईनं वर्षभराची तूरडाळ बांधायला घेतलीय. रोख पैसे चालतात का? घरून नक्की काय न्यावं?

गणिताचा_मास्तर
डाळ राहू द्या, आधी फोनचं बघा. मीही चेंगदूतच शिकवतो. इथे भाजीपासून मेट्रोपर्यंत सगळं वीचॅट नाहीतर अलीपे या ॲपवर चालतं. निघण्याआधीच दोन्हीला व्हिसा किंवा मास्टरकार्डचं बँक कार्ड जोडा, बँकेकडून आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्या आणि ओटीपीसाठी भारतातलं सिम रोमिंगसह चालू ठेवा. परदेशी कार्डावर एका वेळी २०० युआनपर्यंत शुल्क नाही, त्यावर गेलात की ३ टक्के. इथल्या खात्यात पगार जमा व्हायला लागला की ही भानगड संपते. रोख नाकारता येत नाही, तसा नियमच आहे. पण शंभराची नोट काढलीत की भाजीवाली बाई सुट्टे आणायला शेजारच्या गाळ्यावर जाते आणि तुमच्यामागे रांग वाढत राहते.

नावाचं सांभाळा. बँक, सिम, वीचॅट, तिन्हीकडे नाव पासपोर्टावर आहे त्याच क्रमानं, मधल्या मोकळ्या जागांसकट हवं. आपल्याकडे मध्ये वडिलांचं नाव असतं, ते एके ठिकाणी गळलं की कार्ड ॲपला जोडलंच जात नाही. काउंटरवरून उठण्याआधी स्क्रीनवर वाचून घ्या.

भाजीला सुपरमार्केट नको, मंडईच बरी. सकाळी जा. पाटीवरचा भाव किलोचा नसतो, जिनचा असतो. एक जिन म्हणजे अर्धा किलो. हे अंगवळणी पडेपर्यंत सगळंच फुकटात चाललंय असं वाटतं! भाव बोटांवर सांगतात : अंगठा-करंगळी बाहेर म्हणजे सहा, अंगठा-तर्जनी म्हणजे आठ, दोन तर्जनींची फुली म्हणजे दहा. इथल्या सिचुआनी बोलीत चार आणि दहा कानाला जवळपास सारखेच लागतात, तेव्हा तोंडाकडे नाही, हाताकडे बघा. वजन झालं की टांगलेला कोड स्कॅन करून रक्कम टाकायची. पैसे पोचले की काट्यामागचा छोटासा स्पीकर आकडा खणखणीत पुकारतो. तो बोलेपर्यंत आमची भाजीवाली पिशवीवरचा हात काढत नाही. पैशांत घासाघीस फारशी चालत नाही, पण नेहमीचं गिऱ्हाईक झालात की कांद्याची पात वरून पडते.

कारली, घोसाळी, भेंडी, लांब वांगी, कोथिंबीर, आलं, मूग, जिरं सगळं मिळतं. तूरडाळ, मोहरी ताओबाओ या ऑनलाइन बाजारावर. यिवू या व्यापारी शहरात भारतीय व्यापारी बरेच, त्यामुळे असा माल तिकडून येतो. पार्सल दारात येईलच असं नाही. सोसायटीजवळच्या केंद्रात पडतं, फोनवर फळीचा नि पाकिटाचा क्रमांक येतो, तो बघून आपणच शोधून काढायचं. ऑनलाइन घेतलेल्या बहुतेक वस्तू ७ दिवसांत कारण न देता परत करता येतात. नाशवंत माल सोडून, अर्थात.

तिरफळ
मास्तरांचं पटलं, पण हिंग आणि गोडा मसाला घरूनच ने गं. ऑनलाइन हिंगाला वासच नव्हता.
हॉटेलात मात्र सांभाळून. मापो तोफूत, परतलेल्या फरसबीत खिमा असतो, साधी पालेभाजीसुद्धा डुकराच्या चरबीत परततात. ‘मांस नको, चरबी नको, हाडांचं पाणी नको’ एवढं चिनीत लिहून घेऊन त्याचा फोटो फोनमध्ये ठेव. नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलंस तर वरचे मांसाचे तुकडे तेवढे वेचून ताट पुढे येईल. वनशू मठातलं शाकाहारी उपाहारगृह निर्धास्त. आणि तिथली हुआजियाओ खाऊन बघच, आपल्या तिरफळाच्याच कुळातली. आमटीत मस्त लागते.
चेंगदूत सेंट्रल हीटिंग नाही, आणि थंडी दमट. जाडजूड रजई इथून वाहू नकोस, विजेचं ब्लँकेट तिथेच घे.

सायली_प
दोघांनाही धन्यवाद! तूरडाळ एक किलोवर आणली. कुकर, मिक्सर न्यावा का? घरून तूप-आंबेही द्यायचं चाललंय.

गणिताचा_मास्तर
शिट्टीचा कुकर जरूर आणा, फक्त तळ इंडक्शनवर चालणारा बघा. वीज २२० व्होल्टच आहे, मिक्सर चालेल. आपल्या गोल पिना मात्र इथल्या सॉकेटात जात नाहीत, ॲडॉप्टर लागेल. ताजी फळं, भाज्या, लोणी, चीज आणायला बंदी आहे, कस्टमवाले काढून घेतात. तुपासाठी वाद घालत बसू नका.
एक राहिलं. हॉटेलात उतरलात तर पोलिसांकडची नोंद हॉटेलच करतं, पण भाड्याच्या घरात गेलात की २४ तासांत ती करावी लागते. पुढच्या निवास परवान्याला तो कागद मागतात, आणि परवान्याचा अर्ज आल्यापासून ३० दिवसांत जायला हवा. शाळा करेल म्हणून गाफील राहू नका, पहिल्याच दिवशी विचारा.